शनिवारच्या सेवेतलं राहिलेलं घर

“आजी, मान हलवू नका हो. भांग वाकडा जातो.”

“जाऊ दे की. मला काय आता बघायला येणारेत?”

आम्ही मुली फिदीफिदी हसलो. कत्रीनआजी स्वतःच्याच विनोदावर हसता हसता खोकत बसली, आणि सिस्टर सेलीन तिच्या मागे उकिडव्या बसून, तोंडात आकडा धरून, पुन्हा पहिल्यापासून भांग पाडायला लागल्या. कत्रीनआजीचा डावीकडून. इनासबायचा उजवीकडून. शिमांवच्या आईला भांग नकोच, सगळे केस मागे ओढून नुसती गाठ. बोरभाटात अंथरुणाला खिळलेल्या जेवढ्या म्हाताऱ्या होत्या, तेवढ्यांची डोकी सिस्टरना पाठ होती.

शनिवारी अर्धी शाळा असायची. ती सुटली की आमची सेवा. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत ‘मरियेच्या कन्या’ म्हणून मुलींचं मंडळ होतं. गळ्यात निळी फीत घालायची, सिस्टर सेलीनच्या मागे दोघी-दोघींनी गावात जायचं, आजाऱ्यांच्या घरी झाडलोट करायची, पाणी भरायचं, म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं. शेवटी सगळ्यांनी मिळून रोझरीची माळ म्हणायची आणि पुढचं घर गाठायचं. खोबरेलाची बाटली आणि कात्री असलेली पिशवी माझ्याकडे असायची. शिंगाची फणी मात्र सिस्टर स्वतःच्या खिशात ठेवायच्या. तिला कुणी हात लावायचा नाही.

“अगं लुर्दिना,” कत्रीनआजी म्हणाली. सिस्टरना त्यांच्या घरच्या नावानं हाक मारणारी गावात तीच एक उरली होती. “माझे मेलीचे कसले केस विंचरतेस? दोन घरं टाकून पलीकडं तुझी सख्खी आई पडलीय. पोटात पाणी झालंय तिच्या. तिच्या डोक्याला कधी लावणार ही फणी?”

फणी थांबली.

“नियम असतो आजी आमचा,” सिस्टर म्हणाल्या. “स्वतःच्या घरी जायचं नसतं.”

“जळला मेला तो नियम!”

“आजी, मान.”

मी तेलाची बाटली हातात धरून उभी होते. माझे कान तापले होते, कारण कत्रीनआजी ज्या आईबद्दल बोलत होती ती माझीही आई होती. सिस्टर सेलीन माझी सख्खी मोठी बहीण. आमच्या दोघींच्या मधली दोन भावंडं लहानपणीच गेली, त्यामुळे आमच्यात एवढं अंतर की ती कॉन्व्हेंटमध्ये गेली तेव्हा मी धड बोलतही नव्हते. घरातली ताई मला आठवतच नाही. मी आठवीत असताना ती बदली होऊन आमच्या शाळेत आली. पहिल्या दिवशी वर्गात मी आनंदानं ‘ताई’ म्हणून ओरडले, तर तिनं मान वर केली नाही. नंतर व्हरांड्यात गाठून हळूच म्हणाली, “जासिंता, इथं मी सगळ्यांची सिस्टर आहे. तुला एकटीला ताई झाले तर बाकीच्या मुलींनी कुणाकडं बघायचं?” तेव्हापासून मी तिला सिस्टर म्हणायचे. अहो-जाहो करायचे. मनातून मात्र मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

आणि आईचाही यायचा. दर महिन्यात एक रविवार घरच्यांनी भेटायचा असे. बाबा केळीच्या बागेतलं काम टाकून, कडक इस्त्रीचा सदरा घालून जायचे. आई कधी गेली नाही. ताईनं सिस्टर होण्याची पहिली व्रतं घेतली त्या दिवशी तिला ताप होता म्हणे. शेवटची व्रतं घेतली त्या दिवशीही ताप. नाताळाच्या आधी तेवढी आमच्याकडची उन्हात वाळवलेली सुकेळी केळीच्या पानात बांधून बाबांच्या हाती द्यायची. निरोप काही नाही. “काय सांगू?” बाबा विचारायचे. “काही नको,” आई म्हणायची.

त्या शनिवारी कत्रीनआजीकडून परतताना आम्ही आमच्या घरावरून गेलो. अंगणातल्या चुन्याच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, सिस्टरचं पाऊल जरा रेंगाळलं. आईच्या खोलीची खिडकी बंद होती. दुपारची वेळ, उकाडा मरणाचा, आणि खिडकी बंद.

“तुमच्या आईला गरम होत नाही का गं?” रेजिनानं विचारलं. रेजिना माझ्या बाकावरची, तिला सगळ्या चौकशा.

“गप चाल,” मी म्हटलं.

सोमवारी मी तडक मदर इग्नेशियांकडे गेले. मी तोंडाची फटकळ. अजूनही आहे, माझ्या सुनांना विचारा. मदर त्या वेळी ऑस्ती भाजायच्या खोलीत होत्या. आमचं कॉन्व्हेंट आजूबाजूच्या सगळ्या चर्चना मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेत वाटायला, ऑस्ती पुरवायचं. पातळ पांढऱ्या पापडातून गोल चकत्या कापून काढल्या की जे तुकडे उरत, ते आम्हां मुलींना खायला मिळत. मदर मंगळूरकडच्या. दिसायला कडक, पण त्यांच्या खिशात कायम असे तुकडे असायचे.

“मदर, तुमचा नियम चुकीचा आहे,” मी दारातूनच म्हटलं.

“कुठला? पुष्कळ आहेत.”

“माझी आई मरायला टेकलीय. सिस्टर सेलीन सगळ्या गावाच्या म्हाताऱ्यांची सेवा करतात आणि स्वतःच्या आईला बघायला जाऊ शकत नाहीत. देवाला हे आवडेल का?”

मदरनी हातातला साचा खाली ठेवला. “तुला कुणी सांगितलं मी सोडत नाही म्हणून?”

“सिस्टर स्वतः म्हणाल्या. नियम आहे.”

“ते जुने नियम होते, पोरी. ते गेले, नवे आले. गणपतीची सुट्टी संपल्यावर मीच तिला बोलले, आई आजारी आहे, जाऊन ये. ती गेली पण. तुमच्या अंगणापर्यंत गेली.” मदरनी साचा पुन्हा उचलला. “तुझ्या आईनं आतून निरोप पाठवला. येऊ नको म्हणून.”

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट असणार. बाबा माझ्याशी काही बोलले नव्हते.

“मग त्या सगळ्यांना नियम आहे असं का सांगतात?”

“मग काय सांगेल?” मदर म्हणाल्या. “आई घरात घेत नाही, असं सांगेल गावाला?”

त्यांनी माझ्या हातात ऑस्तीचे तुकडे ठेवले. मी ते तसेच मुठीत धरून घरापर्यंत पळत गेले. मूठ उघडली तेव्हा त्यांचा चुरा झाला होता.

आई भिंतीला टेकून बसवलेली होती. आडवं झालं की तिला दम लागायचा. चेहरा वाळून एवढासा झाला होता आणि पोट तेवढं वर आलेलं. बाबा बागेत होते.

“तू ताईला अंगणातून परत पाठवलंस?” मी विचारलं.

आईनं मान फिरवली.

“बोल ना! सगळं गाव म्हणतं कॉन्व्हेंटवाले दुष्ट आहेत. तू दुष्ट आहेस! तिनं काय केलं तुझं? सिस्टर झाली म्हणून एवढा राग? किती वर्षं धरून बसणार आहेस?”

“राग?” आई म्हणाली. “माझा राग आहे असं वाटतं तिला?”

“मग दुसरं काय वाटणार?”

आईनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. माझा सगळा आवेश गेला. मी जवळ जाऊन तिचं तोंड पुसलं. तिनं माझा हात धरून ठेवला.

“दार लाव,” ती म्हणाली. “सांगते. पण हे लुर्दिनाला कळता कामा नये. माझ्या गळ्याची शपथ घे.”

मी शपथ घेतली. काय सांगणार आहे ते माहीत असतं तर घेतली नसती.

“तू दीड-दोन वर्षांची होतीस. तुला घटसर्प झाला. तुझ्या आधीचे दोघे तसेच गेले होते. तुझा श्वास बंद होत आला, ओठ निळे पडले. डॉक्टर म्हणाला, आता देवाच्या हातात. मी अंगणात गेले, खुरसाला डोकं लावलं. म्हटलं, एवढं पोर ठेव. द्यायला माझ्याकडं दुसरं काही नाही, एक मोठी लेक आहे. ती तुला दिली. तू ठेवशील तिथं राहू दे. मी तिला परत मागणार नाही. तिचं तोंडसुद्धा बघायला मागणार नाही. फक्त हे ठेव.”

आई दम घ्यायला थांबली.

“सकाळी तू दूध मागितलंस. आणि त्यानंतर वर्ष झालं नसेल, लुर्दिना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, आई, मी कॉन्व्हेंटमध्ये जाते. मी तिला शब्दानं काही बोलले नव्हते गं. कुणालाच बोलले नव्हते, तुझ्या बाबांनासुद्धा नाही. म्हटलं, देवानं माझं ऐकलं आणि आता घेऊन चाललाय.”

“म्हणून तू तिच्या व्रतांना गेली नाहीस?”

“कशी जाणार? दिलेलं परत बघायचं नाही असं मीच बोलले होते ना.”

“आई, असं काही नसतं! फादरांना विचार. देव असा हिशेब ठेवत नाही!”

“तुला काय ठाऊक काय असतं ते? तू निळी पडलेली मी बघितलीय.” तिनं माझा हात आणखी घट्ट धरला. “मी तिचं तोंड बघितलं आणि तुला काही झालं तर? मरताना मी कुणाला तोंड दाखवू?”

मी पंधरा वर्षांची धडधाकट पोर. शाळेत लंगडीत पहिली येणारी. पण आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मला तेव्हाही घटसर्प झालेला आहे. मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. तिला वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते. माझ्यामुळे ताईला आई नव्हती आणि आईला ताई नव्हती, आणि मी मात्र दोघींना फटाफटा बोलत हिंडत होते.

त्या आठवड्यात आईचं दुखणं वाढलं. शुक्रवारी फादर येऊन तिला मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेले. शनिवारी मी शाळेत गेले नाही. दुपारी बाबा आईच्या खोलीत आले. डोक्यावरची टोपी काढून उगाच हातात फिरवत होते.

“लुर्दिना आलीय,” ते म्हणाले. “अंगणात उभी आहे. शाळेच्या पोरीही आहेत बरोबर. मोनू, आता तरी…”

“दार लावा,” आई म्हणाली.

“अगं, पोर आहे ती तुझी!”

“दार लावा म्हणते ना!”

बाबांनी दार लावलं. पण ते बाहेरून लावलं आणि स्वतः ओट्यावरच थांबले. एवढ्या वर्षांत त्यांनी आईचं म्हणणं मोडलेलं मी बघितलं नाही, तेव्हाही मोडलं नाही. ओट्यावर बसून त्यांचं हुंदके देणं मात्र आत ऐकू येत होतं.

मग बाहेरून आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, स्वच्छ.

“आई, मी आत येत नाही. तू घाबरू नकोस. मी इथं खुरसापाशी बसते आणि माळ म्हणते. सगळ्या आजाऱ्यांच्या घरी आम्ही म्हणतो, तशीच. चालेल?”

मी आईकडे बघितलं. मी उठले. मला वाटलं, पुरे झालं, शपथ गेली खड्ड्यात, दार उघडायचं, ताईला आत ओढायचं, मला काय व्हायचं ते होऊ दे. आईनं माझं मनगट पकडलं. अंगात ताकद नव्हती, पण पकड अशी की सोडवून घेताना तिचं हाड मोडेल असं वाटलं.

“आई, सोड. मला काही होत नाही. बघ माझ्याकडं, मी केवढी मोठी झालेय! एकदा बघ तिला. एकदाच. मी तुझ्या पाया पडते.”

“बस इथं,” ती म्हणाली. “माझ्याजवळ बस.”

“आणि ती?”

आईनं थोडा विचार केला. मग लहान मुलानं पळवाट काढावी तशी म्हणाली, “माळेला उत्तर दिलं तर चालतं. ते मरियामातेला असतं. तिला सांग, म्हण.”

मी ओरडले, “सिस्टर, आई म्हणते, म्हणा!”

माळ एकट्यानं म्हणायची नसते. म्हणजे म्हणता येते, पण आमच्या घरांतून ती दोन बाजूंनी म्हणतात. अर्धी प्रार्थना एकानं म्हणायची, अर्धी बाकीच्यांनी. बाहेरून ताईनं ‘नमो मरिये, कृपापूर्णे’ सुरू केलं. पुढचं अर्धं मुली म्हणणार होत्या, पण आतून आईचा आवाज आला आणि त्या गप्प झाल्या. नंतर रेजिनानं मला सांगितलं, की सिस्टरनी हात वर करून त्यांना थांबवलं होतं.

“पवित्र मरिये, देवाच्या माते,” आई म्हणत होती, “आम्हां पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर.”

“नमो मरिये,” बाहेरून ताई.

“पवित्र मरिये,” आतून आई.

मध्ये एक सागवानी दार. इतक्या वर्षांत त्या दोघी एकमेकींशी बोलल्या ते एवढंच. मी आईचं तोंड बघत होते. त्या तोंडावरचं सुख मी पुन्हा कुणाच्या तोंडावर बघितलेलं नाही. मधूनच ती अर्ध्यावर थांबून नुसती ऐकत राहायची. “आवाज छान आहे ना गं तिचा?” तिनं मला एकदा विचारलं, आणि घाईघाईनं आपलं उत्तर पुरं केलं.

माळेचे पाच भाग असतात, त्यांना रहस्यं म्हणतात; तिसऱ्या रहस्याच्या सुमारास तिचा आवाज पडायला लागला. बाहेर ताईनं आवाज चढवला आणि प्रार्थना सावकाश केली, आईला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. आई शब्द गाळायला लागली. मग नुसते ओठ हलायचे. माझं मनगट तिनं तसंच धरलेलं होतं. मला वाटतं, तिच्या एका हातात माळ होती आणि दुसऱ्या हातात मी, आणि ती मला देवाच्या दारातून मागे ओढून धरत होती.

मग ती पकड सैल झाली.

मी “आई” म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिचे डोळे दाराकडे होते.

बाहेर ताईची अर्धी प्रार्थना संपली आणि ती उत्तरासाठी थांबली. मुलीही थांबल्या, बाबाही थांबले. सगळं अंगण आईच्या आवाजाची वाट बघत होतं. मला किंचाळता आलं असतं. का किंचाळले नाही ते मला अजून सांगता येत नाही. मी आईच्या आवाजासारखा आवाज लावला, हळू, ओढत, आणि म्हटलं, “पवित्र मरिये, देवाच्या माते…”

बाहेर क्षणभर शांतता झाली. मग ताईनं पुढचं सुरू केलं. मी उत्तर दिलं. तिनं पुढचं म्हटलं. शेवटचं रहस्य आम्ही दोघींनी असंच म्हटलं, आणि दर वेळी ‘आमच्या मरणाच्या वेळी’ आलं की मला थांबावं लागायचं. ताई तेवढी थांबायची. माळ संपली. क्रुसाची खूण झाली असेल. मग पावलं वाजली, ओट्यावर चढली, आणि दार उघडलं.

दारात ताई होती. तिच्या हातात फणी होती.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं. सिस्टर म्हणायचं, अहो-जाहो करायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

“तू पहिलं उत्तर दिलंस तेव्हाच. आईचा आवाज मी विसरेन?”

“मग थांबली का नाहीस?”

“आत यायला मला तिनं नको म्हटलं होतं,” ताई म्हणाली. “माळ संपेपर्यंत तरी तिचं ऐकावं म्हटलं.”

बाबा तिच्या मागून आत आले आणि आईच्या पायांशी बसले. मुली उंबऱ्याबाहेर घोळका करून उभ्या राहिल्या, रेजिनासुद्धा तोंड मिटून. ताई आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. तिनं हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

“केस काळे होते हिचे,” ती म्हणाली. “मी गेले तेव्हा एक पांढरा नव्हता.”

मग माझ्याकडे न बघता, “जासिंता, शेवटी काही बोलली का? माझ्यावरचा राग गेला होता का तिचा?”

शपथ जिच्या गळ्याची होती ती गेली होती. मी सगळं सांगून टाकलं. खुरीस, घटसर्प, दिलेलं परत न बघणं, सगळं. सांगता सांगता मी इतकी रडले की मला वाटतं निम्मे शब्द तिला कळलेच नसतील. शेवटी मी म्हटलं, “माझ्यामुळं झालं. मी जगले नसते तर तुला आई राहिली असती.”

ताई माझ्याकडे वळली.

“काय म्हणालीस? तिनं मला दिलं?”

“हो. म्हणून तर तू—”

“जासू, मी सातवीत असताना फादरांना सांगितलं होतं, मला सिस्टर व्हायचंय. तू आईच्या पोटातसुद्धा नव्हतीस! आईला सांगायचा धीर होईना. धाकटे दोघे गेले होते, ती खचली होती. मग तू झालीस. मग तू आजारी पडलीस. मी थांबत गेले. तू बरी झालीस, पुन्हा चालायला लागलीस, तेव्हा म्हटलं, आता आई एकटी नाही, आता विचारावं.” तिनं माझा दंड धरला. “मी जाणारच होते गं. तिनं दिलं नसतं तरी गेले असते. तिनं दिलंच नव्हतं काही. मग देव काय परत घेणार होता?”

बाबा मान वर करून आमच्या दोघींकडे बघत होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“नुसतं विचारलं असतं मला,” ताई आईकडे बघून म्हणाली. “आई, नुसतं एकदा विचारायचंस. सुकेळी यायची तेव्हा ते केळीचं पान मी उलगडून दोन्ही बाजूंनी बघायची, काही खूण ठेवलीय का. मीही विचारलं नाही. माझंही तोंड शिवलेलं होतं.”

आणि मग सिस्टर सेलीन, जिच्या डोळ्यांत शाळेत कुणी पाणी पाहिलं नव्हतं, ती आईच्या खांद्यावर कपाळ टेकून मोठ्यानं रडली. उंबऱ्याबाहेरच्या मुलीही रडायला लागल्या. कुणी कुणाला समजावलं नाही.

बऱ्याच वेळानं ती सरळ झाली. डोळे पुसले. मला म्हणाली, “पिशवी रेजिनाकडं आहे. तेल आण.”

मी बाटली आणून दिली. तिनं तळहातावर तेल घेतलं, चोळलं, आईच्या केसांना लावलं. आजारपणात गुंता झाला होता. दर शनिवारी कत्रीनआजीचा सोडवायची तसा, टोकाकडून, एकेक बट धरून, ओढ बसू न देता तिनं तो सोडवला. घाई केली नाही. सगळे केस मोकळे करून मागे घेतले, आणि फणीचं टोक कपाळाशी नेलं.

तिथं तिचा हात थांबला.

फणी तिनं डावीकडे नेली. मग मध्ये आणली. पुन्हा डावीकडे नेली. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची डोकी जिला पाठ होती, ती माझ्याकडे बघायला लागली.

“पूर्वी डावीकडून पाडायची,” ती म्हणाली. “आता कुठून पाडते गं आई भांग?”

मी तिच्या शेजारी बसले. आईच्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं.

“मधून,” मी म्हटलं. “मधून पाडते, ताई.”